जनरल वेलस्लीचें आयरिश घराणें व अजिंठा घाटाखालील छावणी

पाचोऱ्याहून शेंदुर्णीवरून पूर्वेस गेलें म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं फर्दापूर लागतें. खानदेशांतून घाट चढून दक्षिणेंत जाण्याचा हा जुना मार्ग होय. इ. स. १८०३ च्या आक्टोबरांत येथें आर्थर वेलस्लीची छावणी होती, व तेथून लिहिलेलीं त्याचीं पत्रें पुढें छापून प्रसिद्ध झालीं. आमच्याकडील लेखक त्यास सरसकट 'इंग्रज सेनापति' म्हणतात. तो इंग्रजांच्या चाकरींत होता हें खरें. परंतु त्याचें घर व गोतावळा आयर्लंडांतील होता. तो गोतावळा ध्यानांत घेतल्यावांचून ह्या पत्रांचा पुरता उलगडा होत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या घराण्याचें मूळ उपनांव कॉली. हे लोक सोळाव्या शतकापासून आयर्लंडांत स्थायिक असून किल्डेर परगण्यांतील कार्बरी येथें त्यांची गढी होती. इ. स. १७२८ मध्यें मीथ परगण्यांतील डंगन येथील गॅरेट वेस्ली हा आप्त निपुत्रिक वारला. त्याची मिळकत रिचर्ड कॉली ह्याजकडे आली व मिळकतीबरोबर त्यानें वेस्ली हें उपनांवहि घेतलें. दत्तकपत्रें चाळणाऱ्या वाचकांस हा प्रकार परका वाटूं नये. विधि निराळा, फळ तेंच. १७४६ मध्यें रिचर्डास बॅरन मॉर्निंग्टन ही पदवी मिळाली, व त्याचा पुत्र गॅरेट १७६० मध्यें अर्ल झाला. हा गॅरेट नामांकित संगीतज्ञ असून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत संगीताचा प्राध्यापक होता. १७८१ मध्यें तो वारला, तेव्हां मागें कर्ज राहिलें. आर्थर हा त्याचाच पुत्र.

आर्थरच्या जन्मतिथीविषयीं वाद आहे. त्याची आई १ मे १७६९ हा दिवस सांगे, व तोहि तोच पाळी. परंतु डब्लिनच्या सेंट पीटर चर्चच्या दप्तरांत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद ३० एप्रिलची आहे. समकालीन लेख व मागाहूनची आठवण ह्यांत विरोध आल्यास लेखास अधिक वजन द्यावें, हा आपला नेहमींचा नियम येथेंहि लागू करावा. संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: १७९८ पर्यंत त्याची सही 'वेस्ली' अशी असे, त्या वर्षापासून ती 'वेलस्ली' झाली. सह्या दोन, पुरुष एकच.

१७९८ मध्यें त्याचा वडील बंधु रिचर्ड कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होऊन आला. धाकटा हेन्री त्याचा खाजगी चिटणीस झाला. आर्थर १७९७ पासूनच हिंदुस्थानांत होता. २६ जून १८०३ च्या हुकुमानें रिचर्डानें त्यास दक्षिणेंतील लष्करी व राजकीय असे दोन्ही अधिकार दिले. म्हणून ६ आगस्ट रोजीं युद्ध पुकारतांना त्यास कलकत्त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागली नाहीं. २३ सप्टेंबर रोजीं असईची लढाई झाली. आक्टोबरांत स्टीव्हन्सननें बऱ्हाणपूर व असीरगड घेतले. २९ नोव्हेंबरास अडगांवची लढाई व १५ डिसेंबरास गाविलगडचा पाडाव झाला. १७ व ३० डिसेंबरास अनुक्रमें भोसले व शिंदे ह्यांनीं तह केले. सर्व प्रकरण पांच महिन्यांच्या आंत आटोपलें.

केवळ नात्यानें लढाया जिंकल्या जात नाहींत. शिस्त व रसदेचे बैल हेंहि त्याचें बळ होतें. तथापि एका घरचे बंधु एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकून वागत असतां समोर काय होतें? २५ आक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ होळकर व शिंदे ह्यांच्या फौजा एकमेकांशीं लढल्या, आणि पुढील वर्षीं शिंदे-भोसले रणांत असतां होळकर अलग राहिला. ह्या दुहीची किंमत खानदेशच्या रयतेनें दिली. फौजांची लूट व १८०३-०४ चा दुष्काळ ह्यांनीं हा प्रांत उजाड झाला.

त्याच्या घरगुती वृत्तांतासहि दक्षिणेचा संबंध आहे. १८०० मध्यें धोंडजी वाघ मारला गेला, तेव्हां सांपडलेला त्याचा मुलगा सलाबतखान ह्यास वेलस्लीनें आश्रय दिला, व १८०५ मध्यें परत जातांना त्याच्या संगोपनासाठीं पैसा ठेविला. लॉर्ड लाँगफर्डच्या घरची कन्या कॅथरिन पॅकनहॅम हिला त्यानें पूर्वीं मागणी घातली असतां ऐपत नाहीं म्हणून नकार मिळाला होता. हिंदुस्थानांतून तो सुमारें ४२,००० पौंड घेऊन गेला. त्यांत मोहिमांच्या लुटीचा वांटा होता. १८०६ मध्यें डब्लिन येथें तें लग्न झालें. ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी पुढें १८१४ ची.

गर्वुडनें १८३४ पासून त्याचे खलिते छापिले. बंधूंस लिहिलेल्या खाजगी पत्रांसाठीं मात्र त्याच्या पुत्रानें १८५८ ते १८७२ ह्या काळांत काढिलेली पुरवणी पाहावी. मूळ कागद १९८३ पासून साउदम्प्टन विद्यापीठांत आहेत. परंतु हा झाला एका बाजूचा पुरावा. पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर ह्या भागांतील देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरीं शके १७२५, सन अर्बा मयातैन व अलफ, ह्या सालचे जमाखर्च, तगाईचे अर्ज वा परागंदा कुळांच्या यादी असतील, तर त्या फर्दापूरच्या पत्रांशीं तारीखवार ताडून पाहाव्या. सेनापतीच्या घरचा वृत्तांत छापून झाला आहे. ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या त्यांचा वृत्तांत रुमालांतून बाहेर काढणें हें आपलें काम आहे.