माझी मैना

अण्णाभाऊ साठे यांची छक्कड. छक्कड हा तमाशातील लावणीच्या कुळातला, डफ-ढोलकी-तुणतुण्यावर गायचा प्रकार. शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही रचना सभांमधून गाजली.

कथा साधी आहे. गरिबीपायी एक तरुण भल्या पहाटे मुंबईला निघतो. भाकरी बांधून होते, बायको, म्हणजेच त्याची मैना, त्याला गावदरीपर्यंत घालवायला येते आणि तिथे तिचा चेहरा उतरतो. तिला हसवण्यासाठी तो दागिन्यांची बोली लावतो : तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. खिशात दमडी नसलेल्या माणसाने सराफाचे अख्खे दुकान उभे करावे, ही यादी हसवते आणि त्याच दमात चटका लावते. बायको मात्र हसत नाही. पुढे मुंबई येते, बेकारांची गर्दी येते, आणि गाणे अचानक वळते : गावी अडकलेल्या मैनेसारखीच गत बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची झाली, असे शाहीर सांगतो. नुसता पूर्वार्ध गायला तर हाती एक गोड विरहलावणी उरते. रचनेचा खरा जीव या वळणात आहे.

मिसिसिपीकाठची कापसाची शेते सोडून शिकागोला गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे ब्लूज हे हिचे दूरचे भावंड म्हणता येईल. घर सुटणे, बाई मागे राहणे, शहराने पोटाला न पुरणे हा ऐवज दोन्हीकडे सारखा. कापूसही दोन्हीकडे आहेच : वर्धा-हिंगणघाटकडचा कापूस मुंबईच्या ज्या गिरण्यांकडे जाई, तिथेच सातारा-कोकणातली माणसे खपत होती.

गाव सोडून मुंबईला येण्याचे हे दुःख अण्णाभाऊंनी वाचून लिहिलेले नाही. मूळ नाव तुकाराम, जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव (आता जि. सांगली). मांग समाज तेव्हा गुन्हेगार जमाती कायद्याखाली होता. शाळा दीड दिवसाची. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबई गाठली, पडेल ते काम केले, गिरणीत खपले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले. सरकारने त्यावर बंदी घातली. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी बरीच वर्षे काढली. ‘फकिरा’ कादंबरीला राज्य पुरस्कार मिळाला, 1961 मध्ये रशियाचा प्रवास झाला, तरी अखेरची वर्षे दारिद्र्य, एकटेपण आणि दारूत गेली. 18 जुलै 1969 रोजी गोरेगावात त्यांचे निधन झाले. तिकिटावर त्यांचे चित्र छापायला टपाल खात्याला 2002 साल उजाडले.

अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म बार्शी, 1916) यांचा पहाडी आवाज सभांना लाभला. अण्णाभाऊंमागे सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1969 रोजी, त्यांना मोटार अपघातात मृत्यू आला. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

पुढच्या पिढीने ही छक्कड ऐकली ती मुख्यतः विठ्ठल उमप (1931–2010) यांच्या आवाजात. ‘जांभूळ आख्यान’ हे लोकनाट्य गाजवणाऱ्या उमपांनी तिच्यातली हुरहूर पुढे आणली. सभेची ललकारी त्यात थोडी मागे पडली, हे खरे. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असताना ते मंचावरच कोसळले आणि गेले.

छक्कडीतले मागणे अर्धेच पुरे झाले : 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगाव, कारवार, निपाणी कर्नाटकात आहेत.