रजोनिवृत्ती आणि वनौषधी

सलग १२ महिने मासिक पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. सुश्रुतसंहितेत हे वय ५० वर्षे सांगितले आहे. इस्ट्रोजेनचे प्रमाण घटल्याने अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोपमोड होणे असे त्रास संभवतात.

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, ज्यात कुंभकोणमही येते, सिद्ध व आयुर्वेद या दोन्ही वनौषधी परंपरा रुजल्या आहेत. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य उपचारांची सांगड घालून रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात.

अनुभवाच्या नोंदींबरोबरच आज तुलनात्मक चाचणीही आवश्यक मानली जाते. चिनी वैद्यकात स्त्रीरोगांवर दिले जाणारे ‘दांग ग्वेई’ हे मूळ १९९७ मध्ये अमेरिकेत ७१ स्त्रियांवर तपासले गेले. २४ आठवड्यांनंतर, एकटे दिलेले हे मूळ औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चिनी वैद्य मात्र ते इतर वनस्पतींसह देतात. अशा मिश्रणांसह चिनी वनौषधींच्या २२ चाचण्यांचा आढावा घेऊन कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष काढला.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास दांग ग्वेईमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास वनौषधींवर विसंबून न राहता तातडीने डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.