धानाच्या मुलखातला दुष्काळ आणि टिळकांची आगगाडी

कामठा म्हणजे जुन्या भंडारा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी. आज गाव गोंदिया जिल्ह्यात आहे. हा सगळा मुलूख धानाचा, आणि धानाचं सगळं गणित शेवटच्या पावसावर. रोवणी कितीही चांगली झाली तरी भाद्रपदात पाऊस गेला की लोंबी भरत नाही आणि बांधीत नुसता पेंढा उभा राहतो. 1896 साली पावसाने असाच मध्येच हात आखडता घेतला आणि 1899 साली तर तो फारच कमी आला. 1891 च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची वस्ती 7 लाख 42 हजारांच्या वर होती. 1901 साली ती 6 लाख 63 हजारांवर आली. वाढायला हवी होती ती माणसं दहा वर्षांत अशी घटली. त्या काळात ख्रिस्ती श्रद्धेने कोणाला धीर दिला आणि तो कसा, हा प्रश्न इथून विचारावासा वाटतो, कारण या श्रद्धेची मराठीतली सर्वांत मोठी कहाणी कामठ्याजवळच्याच रेल्वेमार्गावर सुरू झाली. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदिया, आमगाव करत जाते. याच मार्गाच्या प्रवासात कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार वाचायला दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

दुष्काळातल्या धर्मांतराचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: भुकेल्या पोटाने धर्म बदलला, त्यात श्रद्धा कसली? आक्षेप पोकळ नाही. अनाथाश्रमात आणलेल्या पाच वर्षांच्या पोराला कुणी विचारून बाप्तिस्मा दिला नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. पण भाकरीने श्रद्धा विकत मिळत असती, तर दोन दुष्काळांनंतर भंडाऱ्यात ख्रिस्ती लोकांची गावंच्या गावं दिसायला हवी होती. स्कॉटिश मिशन भंडाऱ्यात काम करत होतं, तरी 1901 साली साऱ्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं काही शेच होती. आणि टिळकांना तर या श्रद्धेपायी होतं तेही गमवावं लागलं. राजनांदगाव संस्थानातली नोकरी, जात, नातेवाईक गेले, आणि जवळजवळ पाच वर्षं बायको-मुलाचा सहवासही. लक्ष्मीबाई पंढरपूरला माहेरच्यांकडे राहिल्या, सोवळं पाळत राहिल्या आणि नवऱ्याच्या धर्माला त्यांनी लगेच मान दिला नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली राहुरीला झाला, ऐन दुष्काळात. त्यांच्या घरात तेव्हा दुष्काळात पोरकी झालेली मुलं जेवत होती. म्हणजे इथे भाकरी मिळवायला कुणी गेलं नव्हतं, होती ती वाटली जात होती.

माझं म्हणणं असं की या श्रद्धेची आशा सांत्वनाच्या शब्दांपेक्षा कामात दिसते. पंडिता रमाबाई घ्या. 1870 नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा बऱ्याच उशिरा, 1883 साली, इंग्लंडात झाला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतातला दुष्काळ ऐकून त्या तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतात राहुट्या उभ्या राहिल्या. तिथेच पुढे मुक्तिसदन झालं. तिथल्या बायका गुरं राखत, कापड विणत, आणि छापखान्यात उभ्या राहून शिशाचे खिळे जुळवत. जिला कालपर्यंत अक्षर ओळखू येत नव्हतं ती उलट्या अक्षरांची ओळ उजेडाला धरून तपासते, हे दृश्य मला कुठल्याही प्रवचनाहून मोठं वाटतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच हातांनी छापलं गेलं.

दुसरा आक्षेप असा की धीर काय एकट्या ख्रिस्ताच्या नावानेच मिळतो? वारकऱ्याला विठोबाने तारलं, कबीरपंथीयाला कबीराने. खरंच आहे, आणि टिळकांनीही ते कधी नाकारलं नाही. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या वाटेने आलो असं ते मानत, म्हणून त्यांची भक्ती अभंगात आणि कीर्तनात उतरली. परकी चाल गाऊन संकटातल्या माणसाला धीर येत नाही. तो येतो आजीच्या तोंडची चाल ऐकून. मिशनच्या पुष्कळ लोकांना हे उमगायला वेळ लागला, आणि त्यांची उणीव तिथेच होती. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरचं ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतलं, पण 1919 साली ते गेले तेव्हा त्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. पुढचा बहुतेक सगळा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं.