दुष्काळी ताप आणि कपड्यांतली ऊ

पनवेल हे घाट आणि मुंबई यांच्या मधलं गाव. रेल्वे येण्याआधी मुंबईचा प्रवासी बोटीने पनवेल बंदरात उतरायचा आणि बोरघाट चढून पुण्याला जायचा. 1876 मध्ये घाटावर पाऊस फसला आणि माणसांचा ओघ उलटा वाहू लागला. सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांतली उपाशी माणसं मुंबईकडे निघाली.

1877 मध्ये मुंबईत एक विचित्र ताप पसरला. काही दिवस अंग भाजून निघायचं, मग ताप एकदम उतरायचा. रोगी सुटला असं वाटतं न वाटतं तोच आठवड्याभरात पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी त्याला 'दुष्काळी ताप' असंही नाव दिलं.

ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. 'ग्रेज अॅनाटॉमी'तली प्रसिद्ध चित्रं काढणारे कार्टर ते हेच. त्यांना रक्तात मळसूत्रासारखे वळणदार जंतू वळवळताना दिसले. ताप उतरला की ते दिसेनासे होत. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी 1868 मध्ये असेच जंतू पाहिले होते. कार्टर यांनी माकडांना रोग्यांचं रक्त टोचून ताप आणून दाखवला आणि 1882 मध्ये या तापावर ग्रंथ लिहिला. आज हे जंतू बोरेलिया कुळात मोडतात.

पण ते एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात कसे? आफ्रिकेत 1904-05 च्या सुमारास अशाच एका तापाचा वाहक गोचीड निघाली. आपल्याकडचं उत्तर नाशिकने दिलं. तिथल्या मुलामुलींमध्ये साथ आली, तेव्हा मुलींपेक्षा मुलं कितीतरी जास्त आजारी पडली. डॉ. मॅकी यांनी कपडे तपासले. मुलांच्या कपड्यांत उवा फार, मुलींच्या कमी. 1907 मध्ये त्यांनी कपड्यांतल्या उवेवर बोट ठेवलं.

आता मुंबईतला तो दुष्काळी ताप नीट समजतो. ज्याच्याकडे अंगावरचं एकच वस्त्र आहे, ते धुवायला पाणी नाही, बदलायला दुसरं नाही आणि झोपायला दाटीतली वीतभर जागा आहे, त्याच्याच अंगावर ऊ वाढते. ताप घाटावरच्या माणसांच्या जातीत किंवा स्वभावात नव्हता, त्यांच्या हालांत होता. आजही साथ आली की आपण आधी विचारतो, 'हा कुणी आणला?' त्याऐवजी त्यांच्याकडे बदलायला कपडे आहेत का, पाणी आहे का, हे विचारलं, तर रोगही लवकर सापडतो आणि माणसंही वाचतात.