आठवी नापासांचं स्टेअरिंग

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ८ म्हणायचा: ट्रक-टॅक्सीचं लायसन्स हवं तर आठवी पास व्हा. गाडी चालवता येते की नाही, हे चाचणीत कळतंच. मग दाखला कशाला?

बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मताधिकारासाठी साक्षरतेची अट धुडकावली होती. आधी शिक्षण नाकारायचं, मग अडाणी म्हणून हक्कही नाकारायचा, हा दुहेरी अन्याय त्यांनी तेव्हाच दाखवला.

२०१९ मध्ये आठवीची अट गेली. न्याय म्हणून? छे! सुमारे २२ लाख चालकांचा तुटवडा होता. मेवातच्या चालकांसाठी हरियाणा सरकारनेही सवलत मागितली होती. त्याच हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत उमेदवारांवर शिक्षणाची अट लादली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.