नकाशावरची लंका आणि तेवरचं त्रिपुर

रावणाची लंका जबलपूरजवळ होती, असं मांडणारे लोक गावगप्पा मारणारे नव्हते. इथे पोस्टिंगवर आल्यावर मी हा जुना वाद मुद्दाम शोधून वाचला. इंदूरच्या सरदार माधवराव किबे यांनी लंका अमरकंटकला, नर्मदेच्या उगमापाशी ठेवली. टी. परमशिव अय्यर यांनी १९४० च्या पुस्तकात ती जबलपूरच्या उत्तरेला, इंद्राणा टेकडीवर आणली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया, ज्यांनी नेवाशाचं उत्खनन केलं, त्यांनीही १९७३ मध्ये लंका मध्य भारतातच शोधावी असा कौल दिला. मुद्दे बिनबुडाचे नाहीत. रामाने एका बाणात सात सालवृक्ष भेदले, आणि सालाचं जंगल याच पट्ट्यातलं.

नकाशावाचन हा आमच्या धंद्याचा पहिला धडा, म्हणून मला यात रस. नकाशा आणि जमीन जुळेना, की माणूस हळूच जमीन वाकवायला लागतो. इथेही तेच झालं. रामायणातला सागर शंभर योजनांचा. योजन बारा-तेरा किलोमीटरचं धरलं तर हजारावर किलोमीटर पाणी. तेवढं पाणी श्रीलंकेच्या वाटेवरही नाही; धनुष्कोडीहून पलीकडचा किनारा तीसेक किलोमीटरवर आहे. मध्य भारतात तर समुद्रच नाही. मग सागराचं तळं करायचं, नाहीतर पुराचं पाणी. लंका नकाशावर बसते खरी, पण हनुमानाची उडी ओढ्यावरची होते. पोथी खरी ठरवण्याच्या नादात तिच्यातलं जे मोठं, तेच कापून टाकावं लागलं.

याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण आहे, आणि ते मला अधिक आवडतं. पाहुण्यांना भेडाघाट दाखवायला नेताना वाटेत तेवर गाव लागतं. हेच प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. शंकराने जाळलेलं त्रिपुर ते हेच, असं इथे सांगतात. आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमेला देवळात त्रिपुर पाजळतात, त्याची ही कथा. तारकासुराच्या तीन मुलांची तीन नगरं: सोन्याचं स्वर्गात, चांदीचं अंतरिक्षात, लोखंडाचं पृथ्वीवर. हजार वर्षांतून एकदा ती एका रेषेत यायची, आणि त्या क्षणी एकच बाण.

तेवरला १९५२ मध्ये सागर विद्यापीठाच्या मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं. त्यांचा अहवाल १९५५ चा. त्याच वर्षी नागपूरच्या वा. वि. मिराशींनी संपादित केलेले कलचुरींचे कोरीव लेखही प्रसिद्ध झाले. दोन मराठी माणसांनी या गावाला खरा इतिहास मिळवून दिला. ब्राह्मीत ‘त्रिपुरी’ असं नाव असलेली इथली नाणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. एवढा वारसा कुठल्याही गावाला पुरावा. पण अंतरिक्षातलं चांदीचं नगर कुदळीला कसं लागणार?

बरोबरचा जवान विचारतो, “साब, सचमुच यहीं हुआ था?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आमचा शिपाई धर्मग्रंथासमोर कसम खातो आणि त्या शब्दावर मरायलाही जातो. त्याची श्रद्धा एखाद्या खंदकाला बांधून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक कुदळीच्या घावाला ती दचकणार. म्हणून मी त्याला दोन्ही सांगतो: नगर खरं, आणि कथा वेगळ्या गोष्टीची.

हे काही माझं आधुनिक शहाणपण नव्हे. तमिळ शैव संत तिरुमूलर यांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की शिवाने जाळली ती तीन पुरं म्हणजे माणसाचे तीन मळ. त्या जागी गावं शोधणाऱ्यांना ते सरळ अडाणी म्हणतात. आणि महाभारतात ही कथा कुठे येते ते पाहा. कर्णपर्वात. (तेवरशेजारी करणबेलचे अवशेष आहेत, तो कर्ण मात्र अकराव्या शतकातला कलचुरी राजा. गल्लत नको.) कर्णाला सारथी हवा असतो. मद्रांचा राजा शल्य भडकतो: सूतपुत्राचे घोडे मी हाकू? तेव्हा दुर्योधन त्याला त्रिपुराची गोष्ट सांगतो. पृथ्वीचा रथ, सूर्य-चंद्राची चाकं, आणि लगाम कोणाच्या हाती? साक्षात ब्रह्मदेवाच्या. सारथी रथीहून कमी नसतो, हे त्याला पटवायचं आहे. त्रिपुर कुठल्या परगण्यात होतं, हे त्या छावणीत कोणी विचारत नाही. शल्यालाही गोष्टीचा रोख नेमका कळतो. मनाला येईल ते बोलण्याची मुभा मागून तो रथावर चढतो, आणि भर रणात कर्णाचा पाणउतारा करत राहतो.