बंद पेटीतील हवा : परवडणाऱ्या नादाचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी आम्ही होम थिएटरचा संच घ्यावयास एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने युद्धपटातील एक स्फोट ऐकवला. शोकेसची काच थरथरली. खोक्यावर हजारो वॉटचा आकडा ठळक छापला होता आणि किंमतही आवाक्यातली होती. संच घरी आला. पहिल्याच संध्याकाळी आमच्या मातोश्रींनी विचारले, "ती काय बोलली रे?" विमाने, पाऊस, घोड्यांच्या टापा असे सारे खोलीभर फिरत होते, ऐकू येत नव्हते ते माणसांचे बोलणे.

याचे खापर दुकानदारावर फोडणे सोपे आहे. तथापि, चांगला ध्वनी मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागला तो कसा, याचा मागोवा घेताना आमचीच निवड कोठे चुकली ते ध्यानात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत घरी भरदार खर्ज ऐकावयाचा तर कपाटाएवढी पेटी हवी असे. पॉल क्लिप्श यांचा १९४६ सालचा 'क्लिप्शहॉर्न' खोलीचा एक कोपराच व्यापून बसे. त्यामागे कारणही होते. त्या काळचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जेमतेम दहा-वीस वॉटचे. तेवढ्या बळावर खोली भरून टाकणारा स्पीकर आकाराने मोठाच असावा लागे.

एडगर विल्चर या अध्यापकाने प्रश्न उलट्या बाजूने मांडला. स्पीकरचा शंकू मागेपुढे हलतो तेव्हा त्याला मूळ जागी आणण्यासाठी कडेला ताठ आधार असे, आणि हालचाल मोठी झाली की तोच आवाज बिघडवी. विल्चरने तो आधार सैल केला, पेटी घट्ट बंद केली आणि स्प्रिंगचे काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवले. हवा त्या आधारापेक्षा कितीतरी एकसारखी दबते. १९५४ साली विल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. त्यांचा 'एआर-१' पुस्तकांच्या फळीवर मावे आणि तरीही त्याचा खर्ज मोठ्या पेट्यांना लाजवी.

हा चमत्कार फुकटचा मात्र नव्हता. या स्पीकरला ॲम्प्लिफायरची शक्ती खूपच जास्त लागे. १९५७ साली क्लॉस बाहेर पडला आणि माल्कम लो व जोसेफ अँटन हॉफमन यांच्यासह त्याने 'केएलएच' स्थापन केली. हा हॉफमन म्हणजे विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा पुत्र. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तिहींपैकी दोनच एका वेळी मिळतात, हा नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. स्वस्त ध्वनीचा सारा इतिहास या नियमाशी केलेल्या तडजोडींचा आहे.

उणी पडलेली शक्ती डेव्हिड हाफलरच्या 'डायनाको'ने पुरवली. १९५९ सालचा त्यांचा 'स्टिरिओ ७०' हा ॲम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात शंभर डॉलरच्या आत मिळे. जोडणी गिऱ्हाइकाने घरी करावयाची. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, डाग देण्याचे यंत्र हाती घेऊन रविवार घालवणाऱ्यांना यातला आनंद निराळा सांगावयास नको. याच हाफलरने पुढे स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या दोन वाहिन्यांमधील फरक मागच्या स्पीकरांना देण्याची साधी जोडणी सुचवली. थोड्याशा तारेच्या खर्चात पाठीमागूनही आवाज येऊ लागला. १९८२ साली घराघरांसाठी आलेल्या डॉल्बी सराउंडचे मूळ तत्त्व याहून फारसे दूर नाही.

क्लॉस मात्र पडद्याकडे वळला होता. १९७२ साली त्याच्या 'ॲडव्हेंट' कंपनीने घरात वापरता येईल असा मोठ्या पडद्याचा प्रक्षेपक दूरचित्रवाणी संच बाजारात आणला. पुढे १९८८ साली त्याने 'केंब्रिज साउंडवर्क्स'द्वारे छोटे स्पीकर आणि वेगळे सबवूफर यांचा संच टपालाने थेट गिऱ्हाइकाला विकावयास आरंभ केला. या खेपेस त्याग केला तो मधल्या दुकानाचा.

या सर्व मंडळींनी काय सोडले ते उघड सांगितले. बाजाराने मात्र पुढे उलटी वाट धरली. वॉटचे आकडे फुगवण्याला आळा घालण्यासाठी अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला. आपल्याकडील खोक्यांवरचा 'पीएमपीओ' हा आकडा तर कोणत्याच सर्वमान्य मानकाने बांधलेला नाही. त्यातच १९९० च्या दशकाअखेरीस डीव्हीडी आली आणि जे पैसे दोन स्पीकरांवर खर्च होत ते सहांत वाटले गेले. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. आमच्या संचात तोच सर्वांत किरकोळ होता.

आता आम्ही तो संच काढून टाकला आहे. समोरचे दोन बरे, बंद पेटीचे स्पीकर आणि सतत देता येणारी, म्हणजे आरएमएस शक्ती स्पष्ट छापलेला एक साधा ॲम्प्लिफायर एवढेच घेतले. मागचे स्पीकर सवडीने येतील. या खेपेस दुकानात स्फोट ऐकला नाही. ओळखीच्या आवाजातील नाट्यप्रवेश सोबत नेला आणि हलक्या आवाजात तो शब्दन् शब्द कळतो का, ते पाहिले.

विल्चरने १९६७ साली कंपनी विकली आणि उरलेले आयुष्य श्रवणयंत्रांच्या संशोधनाला दिले. हळू व्यंजने वाढवावीत, मोठे आवाज मात्र तेवढेच ठेवावेत, ही त्याची पद्धत त्याने पेटंट न घेता सर्वांसाठी खुली ठेवली. फळीवर मावणारा खर्ज ज्याने घराघरांत आणला, तो अखेरीस उच्चारलेल्या शब्दापाशी येऊन थांबला. मातोश्रींना हे काहीच ठाऊक नाही. त्या आता "काय बोलली?" असे विचारत नाहीत, एवढे खरे.